तासांचा हिशेब : टाइमशीटविषयी वाचकांचे प्रश्न

टाइमशीट आणि हजेरीच्या सॉफ्टवेअरविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांतल्या अडचणीचं मूळ एकच आहे. हजेरी, टाइमशीट आणि पगाराचे तास ही तीन वेगळी कामं एकाच रकान्यात कोंबली जातात. माणूस आवारात किती वेळ होता, हे हजेरी सांगते. तो वेळ कोणत्या कामावर गेला, हे टाइमशीट सांगतं. त्यातल्या किती तासांचे पैसे कोणत्या दराने द्यायचे, हे पगारपत्रक ठरवतं. खालच्या उत्तरांत हे शब्द याच अर्थाने आले आहेत.

आमचं फॅब्रिकेशनचं काम तीन पाळ्यांत चालतं. आत-बाहेरच्या वेळा एक्सेलमध्ये भरतो. रात्रपाळीचे तास काढायला गेलं की रकान्यात नुसत्या हॅशच्या खुणा येतात. दिवसपाळीच्या एका कामगाराचे महिन्याचे २०८ तास व्हायला हवेत, तिथे बेरीज १६ दाखवते. असं का होतं?
— लघुउद्योजक, अंबड, नाशिक

एक्सेल वेळ साठवतो तो दिवसाचा अपूर्णांक म्हणून. पूर्ण दिवस म्हणजे १, दुपारचे बारा म्हणजे ०.५, आठ तास म्हणजे ०.३३३३. हे एकदा ध्यानात आलं की तुमच्या दोन्ही अडचणी सुटतात.

रात्री १० ला आत आणि सकाळी ६ ला बाहेर. सहातून बावीस वजा केले की उत्तर उणे सोळा. ऋण वेळ एक्सेलला दाखवता येत नाही, म्हणून तो हॅश दाखवतो. तात्पुरता उपाय म्हणजे भागाकारातली बाकी काढणारं मॉड फंक्शन: बाहेरची वेळ वजा आतली वेळ, आणि भाजक १. मग उत्तर बरोबर आठ तास येतं. पण हा उपाय चोवीस तासांच्या आतच चालतो. एखाद्याने रात्री १० पासून दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहापर्यंत सलग काम केलं, तर मॉड फक्त अर्धा तास दाखवेल आणि कुठलीही सूचना देणार नाही. म्हणून खरा उपाय हा, की दोन्ही रकान्यांत वेळेबरोबर तारीखही भरावी. मग साधी वजाबाकी पुरते.

बेरजेचं कारण वेगळं आहे. नेहमीच्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये चोवीस तास पूर्ण झाले की एक्सेल ते दिवसात जमा करतो आणि उरलेले तासच दाखवतो. २०८ मधून आठ पूर्ण दिवसांचे १९२ गेले, उरले १६. आतला आकडा बरोबरच असतो, फक्त दिसतो चुकीचा. सेल फॉरमॅटमध्ये कस्टम निवडा आणि तासांचं अक्षर (h) चौकोनी कंसात घाला. गूगल शीट्समध्ये नंबर फॉरमॅटमधला ‘ड्युरेशन’ हा पर्याय निवडला तरी तेच होतं.

यापेक्षा मोठं नुकसान करणारी चूक तुमच्या पत्रात नाही, पण तीन पाळ्यांच्या जागी ती हमखास सापडते. साडेआठ तास कुणी ८:३० लिहितं, कुणी ८.३०. टिंब देऊन लिहिलं की पगाराच्या सूत्रात ते आठ तास आणि अठरा मिनिटं होतं, म्हणजे दर दिवशी बारा मिनिटं बुडतात. सव्वीस दिवसांत पाच तास बारा मिनिटं. पावणेआठला ७.४५ लिहिलं तर रोज अठरा मिनिटं जातात. आणि वेळेचा फॉरमॅट दिलेल्या सेलमध्ये कुणी ८.३० भरलं, तर तिथे ७:१२ दिसेल, कारण एक्सेलने ते आठ दिवस आणि ०.३ दिवस असं वाचलेलं असतं. पत्रकात कुठेही ७:१२ दिसलं की आधी टायपिंग तपासा. पगारासाठी दशांश तास हवे असतील तर वेळेला २४ ने गुणून वेगळ्या रकान्यात काढा. हाताने रूपांतर करू देऊ नका.

आता रात्रपाळी कोणत्या तारखेची धरायची? पाळी सुरू झाली त्या तारखेची. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये हीच रीत होती: मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे. सॉफ्टवेअर घेतलं तर ‘दिवसाची हद्द’ किंवा ‘शिफ्ट कटऑफ’ नावाची सेटिंग शोधा आणि कोणतीच पाळी चालू नसते अशी वेळ तिथे घाला. तीन पाळ्या एकाला एक लागून असतील तर अशी वेळच मिळत नाही. तेव्हा हद्दीवर विसंबू नका. प्रत्येक कामगाराला पाळी आधी नेमून द्या आणि पंच, म्हणजे मशिनवरची आत-बाहेरची नोंद, त्या पाळीशी जोडा. पाळीबदलाच्या आठवड्यात हे रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, अद्ययावत नसेल तर शनिवारच्या रात्रीचे तास रविवारच्या सुट्टीवर चढतात, आणि पगाराच्या दिवशी वाद होतो.

फाउंड्रीत गेटवर बायोमेट्रिक आहे आणि आत सुपरवायझर जॉबप्रमाणे टाइमशीट भरतात. दोन्हींचे तास कधीच जुळत नाहीत. कोणतं खरं मानायचं?
— उत्पादन विभागप्रमुख, कोल्हापूर

दोन्ही खरी असू शकतात, कारण दोन्ही वेगवेगळी गोष्ट मोजतात. गेटवर सव्वानऊ तास दिसले, त्यातून जेवणाची तीस मिनिटं आणि दोन चहाची वीस मिनिटं गेली, तर आठ तास पंचवीस मिनिटं उरतात. कपडे बदलणं, पाळीची देवघेव यात आणखी पंधरा-वीस मिनिटं जातात. टाइमशीटवर आठ तास असतील तर ते जुळलंच म्हणायचं. ते बरोब्बर जुळवण्याचा हट्ट धरला की सुपरवायझर टाइमशीट गेटवरून उतरवून काढायला लागतो, आणि मग त्या नोंदीचा उपयोग शून्य.

किती फरक चालेल ते आधी ठरवा. चहा-जेवण वजा केल्यावर अर्ध्या तासापर्यंतचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर विचारा. टाइमशीट गेटपेक्षा जास्त निघालं तर मात्र पाच मिनिटांचा फरकही विचारा, कारण आवारात नसलेला माणूस जॉबवर असू शकत नाही.

फाउंड्रीत हा फरक बहुधा थांबण्यात जातो. मेटल तयार नाही, क्रेन दुसरीकडे अडकली, वीज गेली, पॅटर्न आला नाही. सुपरवायझरकडे यासाठी कोडच नसेल तर तो हे तास मोल्डिंगवर (साचा तयार करणं) किंवा फेटलिंगवर (ओतलेला भाग साफ करणं) टाकून मोकळा होतो. मग त्या कास्टिंगचा खर्च फुगलेला दिसतो आणि कोटेशन चुकतं. ‘थांबलेला वेळ’ असा कोड उघडा आणि त्याखाली चार-पाचच कारणं द्या. पहिल्या महिन्यात हा आकडा मोठा दिसेल. त्यावरून कुणाला बोललात तर दुसऱ्या महिन्यात तो नाहीसा होईल, पण क्रेन तिथेच अडकलेली राहील.

गेटची नोंदही डोळे झाकून घेऊ नका. दोन मशिनं असतील तर त्यांच्या घड्याळांत फरक पडतो. दोन्ही सर्व्हरच्या वेळेशी रोज आपोआप जुळतात का ते पाहा. आतला घड्याळाचा छोटा सेल संपला असेल तर वीज जाऊन आल्यावर मशिन जुनीच तारीख धरून बसतं. आणि फाउंड्रीत वाळू हाताळून बोटांच्या रेषा झिजतात. ठसा लागत नाही म्हणून माणूस तीन-चारदा बोट ठेवतो, एखाद्या वेळी दोनदा नोंद होते, एखाद्या वेळी होतच नाही. अशा माणसांना कार्ड द्या. दोन-तीन मिनिटांच्या आत पुन्हा आलेला पंच गाळायची सेटिंग बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करा.

चुकलेला पंच का महागात पडतो ते नीट समजून घ्या. समजा, जेवायला जाता-येतानाही पंच करायचा नियम आहे. आठला आत, साडेबाराला बाहेर, एकला आत, पाचला बाहेर, असे चार पंच हवेत. एकचा पंच लागला नाही. जोड्या लावणारं सॉफ्टवेअर आठ ते साडेबारा ही जोडी लावतं आणि पाचच्या पंचाला ‘आत’ समजतं. हद्द बरोबर असेल तर त्या दिवशी साडेचार तास दिसतात. हद्द नसेल तर तो पाचचा पंच दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या पंचाशी जोडला जातो, पंधरा तासांची पाळी तयार होते आणि तिथून पुढचा प्रत्येक दिवस उलटा वाचला जातो. म्हणून विषम पंच असलेल्या दिवसांची यादी रोज सकाळी निघाली पाहिजे. महिनाअखेरीला कुणालाच काही आठवत नाही.

दुरुस्ती करताना मूळ पंच पुसू नका. दुरुस्तीची ओळ वेगळी असावी: कोणी केली, कधी केली, आधी काय होतं, आता काय आहे, कारण काय, मंजुरी कोणाची. मूळ नोंद पुसून वर लिहू देणारं सॉफ्टवेअर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वाद झाला तर अशा नोंदीवर मालकही विसंबू शकत नाही आणि कामगारही.

अठरा जणांचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. दोन वर्षं टाइमशीट भरून घेतो, पण त्यातून काहीच कळत नाही. निम्मे तास ‘इतर’ मध्ये असतात. सॉफ्टवेअर बदलू का?
— आर्किटेक्ट, पुणे

सॉफ्टवेअर तसंच ठेवा, कोडची यादी बदला. निम्मे तास ‘इतर’ मध्ये जात असतील तर लोकांना हवा तो कोड सापडत नाही, किंवा यादी इतकी लांब आहे की शोधायचा कंटाळा येतो.

क्लायंट, प्रकल्प आणि कामाचा प्रकार या तीन पायऱ्या पुरतात. चौथी वाढवू नका. तुमच्याकडे कामाचे प्रकार साधारण असे ठेवता येतील: संकल्पना, महापालिकेचे सबमिशन ड्रॉइंग, वर्किंग ड्रॉइंग, साइट भेट, क्लायंटशी बैठक, सल्लागारांशी समन्वय, फेरबदल. त्याशिवाय बिल न होणारे: टेंडरची तयारी, शिकणं-शिकवणं, ऑफिसचं काम, रजा. प्रत्येकाच्या यादीत त्याला नेमून दिलेलेच प्रकल्प दिसावेत, आणि एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त ओळी नसाव्यात.

यातला ‘फेरबदल’ हा कोड सगळ्यात मोलाचा आहे. तो दोन भागांत ठेवा: क्लायंटने मागितलेला आणि आपल्या चुकीमुळे झालेला. पहिल्याचं जादा बिल करता येतं. दुसऱ्यामुळे पुढच्या प्रकल्पाची फी ठरवताना कुठे हात आखडला होता ते कळतं. हे दोन्ही ‘वर्किंग ड्रॉइंग’ मध्ये मिसळले की काहीच हाती लागत नाही.

नोंदीचं माप पंधरा मिनिटांचं ठेवा. काही वकिलांच्या फर्म सहा मिनिटांचं, म्हणजे तासाच्या दहाव्या हिश्श्याचं माप वापरतात. ड्रॉइंगच्या कामाला त्याची गरज नाही. नोंद त्याच दिवशी व्हावी. शुक्रवारी बसून आठवडा आठवणारा माणूस बैठका आणि साइट भेटी बरोबर लिहितो, कारण त्या कॅलेंडरमध्ये सापडतात. मधले फोन आणि छोट्या दुरुस्त्या त्याला आठवत नाहीत. ते तास मग सगळ्यात मोठ्या प्रकल्पावर पडतात. तुमचा मोठा प्रकल्प तोट्यात आणि छोटे फायद्यात दिसत असतील तर आधी हेच तपासा.

संध्याकाळी साडेपाचला आठवण, सोमवारी दुपारी बारापर्यंत मागच्या आठवड्याची दुरुस्ती, मंगळवारी मंजुरी आणि त्यानंतर कुलूप. कुलपानंतर बदल करायचा असेल तर नवी तारीख आणि कारण लिहून फरकाची नोंद टाकायची. बिल गेल्यावर जुने तास बदलले तर बिल आणि टाइमशीट कायमचे वेगळे होतात.

आता तासाचा खर्च. समजा, एका माणसाचा महिन्याचा खर्च ५२,००० रुपये आणि भाडं, वीज, सॉफ्टवेअर यांतला त्याच्या वाट्याचा खर्च १८,०००. एकूण ७०,०००. बावीस दिवस आठ तास म्हणजे १७६ तास, म्हणून तासाला ३९८ रुपये असा हिशेब अनेक ऑफिसांत होतो. पण रजा आणि सण यांचे सरासरी दोन दिवस गेले की १६० तास उरतात, आणि त्यातले तीन चतुर्थांशच क्लायंटच्या कामावर जातात. १२० तास. म्हणजे तासाचा खरा खर्च ५८३ रुपये. ४५० चा दर लावून आपण कमावतो आहोत असं वाटत असताना दर तासाला १३३ रुपये जात असतात. टाइमशीटमधून बाकी काही नाही मिळालं, तरी तो तीन चतुर्थांशाच्या जागी आपला खरा आकडा मिळाला तर दोन वर्षांची मेहनत कामी येईल.

सॉफ्टवेअरच हवं असेल तर माणूस आणि कामाचा प्रकार यांप्रमाणे बिलाचा दर आणि खर्चाचा दर वेगवेगळे ठेवता येतात का, एवढं पाहा. मुंबईच्या फ्रापे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालीत ही सोय आहे आणि मंजूर टाइमशीटवरून थेट बिल काढता येतं. नुसती वेळ नोंदवायची असेल तर किमाई हेही मुक्तस्रोत आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालतं.

ओव्हरटाइम रोजच्या तासांवर काढायचा की आठवड्याच्या? आमचं सॉफ्टवेअर फक्त आठवड्याचे ४८ तास पाहतं. आणि ओव्हरटाइमऐवजी कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) दिली तर चालतं का?
— एचआर सहायक, सातारा एमआयडीसी

दोन्हींवर. १९४८ च्या कारखाना अधिनियमात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास अशा दोन मर्यादा होत्या. कोणतीही एक ओलांडली की कलम ५९ प्रमाणे जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातही मुळात ९ आणि ४८ च होते.

फक्त आठवडा पाहिला तर काय होतं? सोमवारी ११ तास, मंगळवार ते शुक्रवार रोज ८, शनिवारी ४. एकूण ४७. सॉफ्टवेअर म्हणेल ओव्हरटाइम नाही. पण सोमवारचे दोन तास ओव्हरटाइमचे आहेत. उलट, दोन्ही हिशेब करून त्यांची बेरीज करणंही चूक. सोमवारी १० आणि बाकी पाच दिवस ८ असतील तर एकूण ५०. रोजच्या मर्यादेने एक तास, आठवड्याच्या मर्यादेने दोन, पण देणं तीन तासांचं नाही. आधी रोजचा जादा वेळ बाजूला काढा, इथे एक तास. उरलेल्या ४९ ची तुलना ४८ शी करा, आणखी एक. एकूण दोन. हाच क्रम सॉफ्टवेअरमध्ये बसवून घ्या, आणि वरची दोन उदाहरणं भरून पुरवठादारासमोर तपासा.

दर काढताना नुसता मूळ पगार धरू नका. कलम ५९ मधला साधा दर म्हणजे मूळ वेतन अधिक मिळणारे भत्ते असा होता. बोनस आणि खुद्द ओव्हरटाइम त्यात येत नव्हते. ही रक्कम महिन्याला २०,८०० असेल, तर २६ ने भागून दिवसाचे ८००, आठने भागून तासाचे १००, आणि ओव्हरटाइमचा दर २००.

कॉम्प ऑफचा प्रश्न वेगळा आहे. साप्ताहिक सुट्टी हुकली तर तिच्या बदली सुट्टी द्यायची असते, त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत. ती सुट्टी दिली म्हणून ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे माफ होत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत ठेवा. एकच ‘शिल्लक तास’ असा रकाना केला की एकातून दुसरं वजा व्हायला लागतं.

आणखी एक महत्त्वाचं. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कामाच्या तासांच्या मर्यादा वाढवायला मंजुरी दिली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतल्या एकीने कारखाना अधिनियमाची जागा घेतली. जादा कामाला दुप्पट दर हे तत्त्व संहितेतही कायम आहे, पण तासांची चौकट आणि तपशिलाचे नियम बदलू शकतात. म्हणून ९ आणि ४८ हे आकडे सूत्रात पक्के लिहू नका. ‘लागू तारीख’ असलेल्या तक्त्यात ठेवा आणि आज लागू असलेला आकडा आपल्या कामगार सल्लागाराकडून लेखी घ्या. जुन्या महिन्याचा फरक नंतर काढला तरी त्या महिन्याचीच मर्यादा लागली पाहिजे.

आयटी कंपनीत आहे. रोज दहा-अकरा तास काम होतं, पण टाइमशीटवर आठच भरा असं सांगतात, कारण क्लायंट आठच मंजूर करतो. बरोबर आहे का?
— सॉफ्टवेअर इंजिनिअर, ठाणे

क्लायंटला किती तासांचं बिल लावायचं हा कंपनी आणि क्लायंट यांच्यातला करार आहे. तुम्ही किती तास काम केलं ही वस्तुस्थिती आहे. करारासाठी वस्तुस्थिती बदलायची गरज नसते. त्याच प्रकल्पावर ‘बिल न होणारे तास’ असा कोड उघडला की आठ तास क्लायंटकडे जातात, उरलेले दोन-तीन कंपनीच्या आत राहतात आणि दोन्ही नोंदी खऱ्या राहतात.

हा कोड मागणारा मेल प्रकल्प व्यवस्थापकाला लिहा. तक्रारीच्या सुरात नको, अंदाजाच्या भाषेत लिहा: या मॉड्यूलला टाइमशीटवर ४० तास दिसतात, प्रत्यक्षात ५५ लागले, पुढच्या टप्प्याचा अंदाज ४० वर बांधला तर पुन्हा हेच होईल. हे नुसतं पटवण्यासाठी नाही, ते खरंच आहे. लपवलेले तास पुढच्या अंदाजात मोजलेच जात नाहीत, आणि पुढची टीम तेवढ्याच अपुऱ्या वेळेत काम सुरू करते.

सॉफ्टवेअर आठच्या वर भरूच देत नसेल तर शेऱ्याच्या रकान्यात प्रत्यक्ष सुरुवात आणि शेवट लिहा. स्वतःच्या वहीत तारीखवार तास लिहून ठेवा, फक्त त्यात क्लायंटची गोपनीय माहिती नको. तुम्ही भरलेले तास व्यवस्थापक स्वतःच बदलत असेल तर ती पद्धतच चुकीची आहे. मंजूर करणाऱ्याने शेरा लिहून टाइमशीट परत पाठवायची, बदल भरणाऱ्यानेच करायचा. आणि हाच नियम उलट बाजूनेही पाळा. काम नसलेल्या दिवशी क्लायंटच्या कोडवर आठ तास भरायला सांगितलं तर भरू नका. ते क्लायंटला खोटं बिल होतं. बेंचचा, म्हणजे प्रकल्प नसलेल्या वेळेचा, कोड त्यासाठीच असतो.

न्यूयॉर्कच्या क्लायंटसाठी घरून काम करते. सोमवारी पहाटेचे तास त्यांच्या रिपोर्टमध्ये मागच्या आठवड्यात दिसतात. आणि नोव्हेंबरपासून सगळ्या वेळा तासभर सरकल्या.
— फ्रीलान्स डेटा अॅनालिस्ट, डोंबिवली

दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बरोबरच घडल्या आहेत. आपल्याकडे सोमवारी पहाटे पाच वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रविवारचे संध्याकाळचे साडेसात असतात. त्यांचा आठवडा सोमवारी सुरू होत असेल तर तुमची पहाट मागच्या आठवड्यात जाणारच. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा.

प्रोफाइलमध्ये तुमचा विभाग ‘एशिया/कोलकाता’ आणि क्लायंटचा ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ असा नावाने निवडा, अधिक-उणे तासांनी नको. शहराच्या नावाबरोबर घड्याळबदलाचे नियम आपोआप येतात. नोंदीतल्या वेळा बरोबर साडेपाच तास मागे दिसत असतील, तर कुठेतरी सर्व्हरची जागतिक प्रमाणवेळ तशीच छापली जाते आहे. तास बरोबर असतात, फक्त दाखवण्याची सेटिंग बदला. आणि बिल कोणाच्या आठवड्याने करायचं ते क्लायंटशी एकदा लिहून ठरवा. त्यांच्या आठवड्याने केलेलं बरं, म्हणजे त्यांच्या रिपोर्टशी तुमचं बिल ओळीनं ओळ जुळेल.

म्युनिकमध्ये नोकरी करतो. आमच्याकडे तासांचं बंधन नाही, विश्वासावर काम चालतं. तरी आता कंपनी सुरुवात-शेवट भरायला सांगते. सॉफ्टवेअर रोज अर्धा तास आपोआप कापतं.
— एक वाचक, म्युनिक

युरोपीय न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी कामाचा वेळ मोजणारी वस्तुनिष्ठ आणि विश्वासार्ह पद्धत मालकांनी ठेवली पाहिजे असा निर्णय दिला, आणि जर्मनीच्या केंद्रीय कामगार न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२२ रोजी तिथल्या मालकांवर ही जबाबदारी आहे असं स्पष्ट केलं. विश्वासावरच्या तासांतही नोंद ठेवावीच लागते. कधी काम करायचं हे तुम्ही ठरवू शकता, एवढाच त्याचा अर्थ.

सहा तासांपेक्षा जास्त कामाला तीस मिनिटं आणि नऊपेक्षा जास्त कामाला पंचेचाळीस मिनिटं विश्रांती तिथे बंधनकारक आहे. तुम्ही ती घेतली नसेल आणि सॉफ्टवेअर कापत असेल, तर काम केलेला वेळ जातो आणि विश्रांती न मिळाल्याचंही झाकलं जातं. खरी वेळ भरा आणि दुरुस्ती मागा. पुण्याच्या टीमबरोबर काम असेल तर अकरा तासांच्या सलग विश्रांतीच्या नियमाकडेही लक्ष द्या. रात्री आठला काम संपवून पुण्याच्या साडेदहाच्या बैठकीसाठी हिवाळ्यात सकाळी सहाला बसलात, तर मध्ये दहाच तास होतात.

घरून काम करणाऱ्यांचे दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर घ्यावं का?
— डिजिटल एजन्सी चालवणारे वाचक, पणजी

आमचा सल्ला, घेऊ नका. ते माउसची हालचाल मोजतं, काम नाही. कागदावर विचार करणारा डिझायनर त्यात रिकामा दिसतो. शिवाय स्क्रीनशॉटमध्ये बँकेचं पान, घरचे मेसेज, क्लायंटची गुपितं सगळं येतं, आणि तो साठा सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर पडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानंतर ती हलकी राहिलेली नाही. कामाचे छोटे भाग पाडा, प्रत्येकाला अंदाजे तास लावा आणि आठवड्याला अंदाज व प्रत्यक्ष यांची तुलना करा. सतत दीडपट लागत असेल तर बोलायला ठोस विषय मिळतो.

आत येण्याची वेळ आम्ही पंधरा मिनिटांच्या टप्प्याला नेऊन पूर्ण करतो. कामगार नाराज आहेत.
— पॅकेजिंग युनिट, चाकण

८:०७ ला ८:०० आणि ८:०८ ला ८:१५, असं जवळच्या टप्प्याला न्यायचं असेल तर जाताना आणि येताना दोन्हीकडे तोच नियम लावा. येताना नेहमी पुढे आणि जाताना नेहमी मागे नेत असाल, तर कामगारांची नाराजी रास्त आहे. रोज दोन्ही मिळून वीस मिनिटं जरी कापली गेली, तर सव्वीस दिवसांत आठ तास चाळीस मिनिटं होतात, म्हणजे एका दिवसाहून जास्त पगार. मशिन मिनिटापर्यंत मोजत असताना पूर्णांक करायची गरजच उरलेली नाही. मिनिटं तशीच ठेवा.

जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात जायचं आहे. माहिती सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत) काढली तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.
— सहकारी पतसंस्थेतील कर्मचारी, नागपूर

फाइल बहुधा ठीक आहे, उघडण्याची रीत चुकते. डबल क्लिक केलं की एक्सेल लिपीचं सांकेतिकीकरण चुकीचं धरतो. रिकामी शीट उघडा, डेटा टॅबमधून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्ही’ निवडा आणि सांकेतिकीकरणात यूटीएफ-८ घ्या. नावं नीट येतील. त्याच खिडकीतलं ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबून कर्मचारी क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर ००४७ चा ४७ होईल आणि नव्या सॉफ्टवेअरला तो माणूस सापडणार नाही.

तारखा सगळ्यात शेवटी तपासा, पण तपासाच. जुनं सॉफ्टवेअर दिवस आधी लिहीत असेल आणि नवं महिना आधी वाचत असेल, तर १३ तारखेपासून पुढच्या नोंदी अडतील आणि चूक कळेल. पण १ ते १२ तारखेच्या नोंदी बिनबोभाट दुसऱ्या महिन्यात जातील: ३ एप्रिलची हजेरी ४ मार्चला. म्हणून निर्यात करतानाच वर्ष-महिना-दिवस असा क्रम घ्या. एक पूर्ण पगाराचा महिना दोन्ही सॉफ्टवेअर बरोबरीने चालवा, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याचे एकूण तास, ओव्हरटाइम आणि रजेची शिल्लक हे तीन आकडे दोन्हीकडे जुळल्याशिवाय जुनं बंद करू नका.